फाइलच्या नावापायी आईसाहेब गेल्या

‘सासर माझं सातमजली’ ही मालिका मढच्या एका दुमजली बंगल्यात शूट व्हायची. वरचे पाच मजले प्रेक्षकांनी समजून घेतले होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रारी होत्या त्या सगळ्या ऑफिसात.

ऑफिस गोरेगाव पूर्वेला. तिथे रश्मी शेजवळ स्क्रिप्ट सांभाळायची. लेखकाकडून आलेला एपिसोड घ्यायचा, चॅनेलला पाठवायचा, चॅनेलने सुचवलेले बदल घालून घ्यायचे आणि रोज सकाळी मढला पोचवायचा, हे तिचं काम. आज शूट केलेलं उद्या संध्याकाळी टीव्हीवर दिसणार, असा सगळा हातघाईचा मामला. घाटकोपरला राहणाऱ्या तिच्या आईची मात्र समजूत होती की लेक मालिका लिहिते. रश्मीने ती समजूत मोडली नव्हती. आईची शेजारीपाजारी तेवढीच ऐट होती.

भानगड सुरू झाली चॅनेलच्या वार्षिक समारंभापासून. मालिकेतल्या एका प्रसंगाला बक्षीस मिळालं. सून भर मंगळागौरीत सासूच्या हातातलं लाटणं हिसकावून घेते आणि त्यानेच पुढची पोळी लाटते, असा तो प्रसंग. बक्षीस घ्यायला नंदकिशोर पाटकर मंचावर गेले. ते मालिकेचे क्रिएटिव्ह हेड. सदैव पांढरा कुर्ता, चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. त्यांनी गणपतीचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, चॅनेलचे मानले आणि शेवटी ‘टीम’ म्हणून हवेत हात फिरवला. तो प्रसंग ज्याने लिहिला होता तो प्रीतम घाडीगावकर मागच्या रांगेत बसून त्या फिरलेल्या हाताखाली आपण आलो की नाही याचा अंदाज घेत होता.

दुसऱ्या दिवशी प्रीतम मुलुंडहून तणतणत ऑफिसात आला.

“सर, तो सीन मी लिहिला होता.”

“लिहिलास. पण लाटणं कोणाचं?” नंदकिशोर म्हणाले. “लाटणं मी सुचवलं. तुझ्या ड्राफ्टमध्ये झारा होता.”

तेवढ्यात स्पीकरफोनवर असलेली गंधाली म्हणाली, “ॲक्च्युअली, स्वयंपाकघर आमच्या नोट्समधून आलं.” गंधाली चॅनेलची माणूस. मालिकेचा प्रत्येक एपिसोड तिच्या हातून पास व्हायचा. वयाने रश्मीपेक्षा लहान, पण चॅनेलची असल्यामुळे सगळे तिला मॅडम म्हणत.

लाटणं कोणाचं आणि स्वयंपाकघर कोणाचं यावर सगळी सकाळ गेली. शेवटी नंदकिशोरांना तोडगा सुचला. त्यांना सुचलेल्या गोष्टी ते उभं राहून सांगत.

“यापुढे एपिसोडला ज्याने ज्याने हात लावला, त्याचं नाव आणि त्याने काय केलं, हे फाइलच्या नावातच आलं पाहिजे. पारदर्शकता! रश्मी, आजपासून.”

रश्मीने मान डोलावली. तोवर ती फाइलला ‘भाग ३९०’ असं नाव द्यायची आणि जग चाललं होतं.

महिन्याभरात फाइलच्या नावांना अंगं फुटली. ‘सासर माझं सातमजली भाग ४०३ नंदकिशोर सर यांच्या मूळ कल्पनेवरून प्रीतम घाडीगावकर यांनी लिहिलेला गंधाली मॅडम यांनी भावनिक केलेला नंदकिशोर सरांनी पुन्हा घट्ट केलेला’. हे सरळ गेलेल्या एपिसोडचं नाव. ज्यावर वाद झाला त्याचं नाव वाचताना मध्ये श्वास घ्यावा लागे. एकदा गंधालीने एका वाक्यातला स्वल्पविराम काढला आणि ‘गंधाली मॅडम यांनी गती दिलेला’ असं नावात घालून घेतलं. फोल्डरही तसेच झाले. ‘चॅनेलच्या मान्यतेसाठी पाठवलेले’ या फोल्डरच्या पोटात ‘चॅनेलने परत पाठवलेले’ आणि त्याच्या पोटात ‘परत पाठवलेले नंदकिशोर सरांनी समजावून पुन्हा पाठवलेले’.

मग एके दिवशी रश्मीच्या कॉम्प्युटरने फाइल सेव्ह करायला नकार दिला. नाव फार मोठं आहे, असं त्याचं म्हणणं. तिने शब्दांमधली मोकळी जागा काढून पाहिली, तेव्हा कशीबशी सेव्ह झाली. पण तीच फाइल मढच्या लॅपटॉपवर उघडेना. तिने विशालला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायला अंधेरीहून यायचा आणि आल्या आल्या आधी चार्जर मागायचा.

विशालने नाव वाचलं. मग खुर्ची पुढे ओढून परत वाचलं.

“मॅडम, ही फाइल आहे की लग्नपत्रिका?”

“उघडत का नाही ते सांग ना.”

“अहो, मशीन नुसतं फाइलचं नाव मोजत नाही. ती ज्या ज्या फोल्डरच्या आत आहे त्या सगळ्यांची नावं पण त्यात धरतं. तुमच्याकडे कसंबसं बसतं. मढच्या लॅपटॉपवर फोल्डर अजून खोल आहेत, तिथे वाट लागते. आणि फोनवर मराठी अक्षरं अजून जास्त जागा खातात.”

“मग उपाय?”

“नाव छोटं करा. दुसरा उपाय नाही.”

“तुला वाटतं तितकं सोपं नाही रे ते,” रश्मी म्हणाली.

विशालला ते तेव्हा कळलं नाही. तो चार्जर परत करून गेला.

नाव छोटं करायचं म्हणून नंदकिशोरांनी मीटिंग बोलावली. काचेच्या खोलीत सगळे जमले, गंधालीही स्वतः आली. रश्मीने सर्वांत लांब नाव पडद्यावर लावलं आणि म्हणाली, “यातलं काहीतरी कापावं लागेल.”

ज्याने त्याने आपापलं नाव शोधलं आणि ते जागेवर आहे याची खात्री करून घेतली.

“आपण नुसती आद्याक्षरं वापरली तर?” रश्मीने विचारलं. “नंदकिशोर सरांचं ‘नं’, गंधाली मॅडमचं ‘गं’...”

“‘गं’?” गंधाली म्हणाली. “म्हणजे फाइल मला हाक मारणार? ए गं?”

“‘नं’ला काही वजन नाही,” नंदकिशोर म्हणाले. “आणि ‘सर’ कुठे गेलं?”

“मग ‘मूळ कल्पना’ एवढं काढू. तेवढ्याने बरंच कमी होईल.”

नंदकिशोरांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. हे क्वचितच घडायचं. “रश्मी, कल्पनाच काढलीस तर उरतं काय?”

“संवाद उरतात,” प्रीतम म्हणाला.

“संवाद तर रिक्षावालापण बोलतो!”

मग बराच वेळ कोण कोणाआधी आणि कोण कोणामुळे यावर चर्चा झाली. चहा आला. चहा गेला. अखेर गंधालीने पडद्याकडे बोट केलं. “हे काय आहे? ‘सासर माझं सातमजली भाग चारशे अमुक’? हे रोज लिहायची गरज आहे? आपली मालिका कुठली ते आपल्याला माहीत आहे ना?”

सगळ्यांचे चेहरे उजळले. मालिकेच्या नावाचा कोणी नातेवाईक त्या खोलीत बसलेला नव्हता. भागाच्या आकड्यालाही कोणाची ओढ नव्हती. प्रीतम म्हणाला, “सीनचे नंबर पण काढा.” नंदकिशोर म्हणाले, “तारीखही काढा. कला कालातीत असते.”

“सर, पण मग कुठली फाइल कुठल्या भागाची हे कळणार कसं?” रश्मीने विचारलं.

“उघडल्यावर कळेल!” नंदकिशोर म्हणाले आणि मीटिंग संपली.

म्हणजे आता फाइलच्या नावात मालिका नव्हती, भाग नव्हता, दिवस नव्हता. होती ती फक्त माणसं. रश्मीने तसं प्रीतमला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “यार, मला काय सांगतेस? माझं नाव अजूनही दुसऱ्या नंबरला आहे.”

त्याच आठवड्यात प्रीतमचं आणि नंदकिशोरांचं पुन्हा वाजलं. मालिकेत आईसाहेब म्हणून एक खाष्ट सासू होती. पहिल्या भागापासून घरावर तिचं राज्य. प्रीतमला आता तिच्या तोंडी घालायला नवीन काही सुचत नव्हतं. “सर, मी तिला चारशे वेळा सुनेवर ओरडायला लावलंय. मेली तरी नवीन काही घडेल.” नंदकिशोरांनी ते हसण्यावारी नेलं. प्रीतमने घरी जाऊन रागाच्या भरात आईसाहेबांना मारून टाकलं. म्हणजे तसा एपिसोड लिहिला. घरातले सगळे जेवायला बसलेत, वाटणीवरून भांडतायत आणि त्या भांडणात आईसाहेब ताटासमोर बसल्या बसल्या जातात. बराच वेळ कोणाच्या लक्षातच येत नाही. त्याने आजवर लिहिलेल्यात हे सगळ्यात चांगलं होतं. रश्मीच्या हातात दिलं तर त्यावर बाकीच्यांची नावं चढणार, म्हणून त्याने तो एपिसोड परस्पर मढला उघडणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवला, नुसतं ‘प्रीतम घाडीगावकर’ असं नाव देऊन. कधीतरी दिग्दर्शकाने स्वतःहून वाचावा, एवढीच त्याची आशा. मग तो नेहमीचा, ठरलेला एपिसोड लिहून झोपून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मीला मढहून लवू मेस्त्रीचा फोन आला. लवू सेटवरचा प्रॉडक्शनचा माणूस. लायटिंगपासून नाश्त्यापर्यंत सगळं त्याच्या अंगावर. गिरणगावातल्या मालवणी घरात वाढलेला, आता मालाडजवळच्या मालवणीला राहायचा. तिथलं नावच मालवणी असल्यामुळे आपण गावीच राहतो असं तो म्हणे.

“गो रश्मी, आजची फाइल उघडना नाय.”

“नाव मोठं झालं असणार, लवूदादा. काल चॅनेलने ‘कौतुकासह परत’ असं जोडलंय.”

“कौतुक ऱ्हवांदे बाजूक. हंय सगळी माणसां तोंडाक रंग लावन बसली हत. काय करू?”

“थांबा. मी व्हॉट्सॲपवर पाठवते.”

रश्मीने एपिसोडची प्रत काढली, तिला ‘आजचा’ असं नाव दिलं आणि सेटच्या ग्रुपवर टाकली. सगळं काम एका मिनिटाचं. तिला फार हलकं वाटलं.

लगेच नंदकिशोरांचा फोन आला.

“रश्मी, ग्रुपवर हे ‘आजचा’ काय टाकलंयस?”

“सर, मढला फाइल उघडत नव्हती, म्हणून...”

“ग्रुपवर प्रोड्युसर आहेत. त्यांनी बघितलं तर त्यांना वाटेल, हा एपिसोड कोणीच केलेला नाही. आधी डिलीट कर. सगळ्यांसाठी डिलीट. मग व्यवस्थित नावाने टाक.”

“सर, व्यवस्थित नावाने फोनवर उतरत नाही.”

“मग प्रयत्न कर ना गं! प्रत्येक गोष्ट मीच बघायची का?”

रश्मीने डिलीट केलं. ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला’ अशी ओळ ग्रुपवर राहिली आणि त्याखाली कोणीतरी अंगठा दाखवला. तिने पूर्ण नावाची फाइल टाकली. लवूच्या फोनवर ती गोल गोल फिरत राहिली आणि मग गप झाली. लवूने वैतागून थेट नंदकिशोरांनाच फोन लावला.

“साहेब, एक सोडून सगळ्यो फायली मुक्यो. एकच उघडता. प्रीतमचा नाव हा तिच्यावर.”

नंदकिशोर तेव्हा कोणालातरी मुलाखत देत होते. आशयघन मालिकांचं भवितव्य असा विषय होता. त्यांनी फोनवर हात ठेवला, समोरच्याला हसून ‘एक मिनिट’ म्हणाले आणि लवूला म्हणाले, “एपिसोड प्रीतमनेच लिहिलाय ना? मग प्रीतमचीच फाइल असणार. घ्या आणि कामाला लागा!”

रश्मीने थोड्या वेळाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मिळाली लवूला. बघ, प्रयत्न केला की होतं.”

बंगल्यावर पानं छापून वाटली गेली. आईसाहेबांचं काम करायच्या त्या माणिकताई नेरूरकर. पन्नास वर्षं नाटक, सिनेमा आणि मालिकांत गेलेली बाई. राहायला बोरीवलीत, नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून. त्यांनी मेकअपच्या खुर्चीत पानं वाचली. एकदा वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली.

“लवू,” त्यांनी हाक मारली. “हे खरं का रे?”

लवूने वाचलं नव्हतं. त्याने तिथेच उभ्याने वाचलं. “ताई, माका काय म्हायत? जा उघडला, ता आणलंय.”

माणिकताईंनी नंदकिशोरांना फोन केला. मुलाखत चालूच होती, त्यांनी तो घेतला नाही. माणिकताई काय समजायचं ते समजल्या. या धंद्यात माणसाला काढून टाकायची हीच पद्धत होती, त्यांनी ती दुसऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिली होती. सकाळी कागद येतो, संध्याकाळी तुमच्या फोटोला हार. आधी कोणी सांगायची तसदी घेत नाही. ‘मला एक फोन तरी करायचात,’ एवढंच त्या आरशाकडे बघून म्हणाल्या.

दिग्दर्शक रोज आलेला कागद रोज शूट करत. त्यांनी पानं चाळली आणि ‘चला, एकदाचं काही तरी घडलं’ म्हणून कॅमेरा लावला.

चारशेच्या वर भाग माणिकताई ओरडल्या होत्या. त्या दिवशी त्या गप्प बसल्या. भोवती मुलं, सुना, जावई तोंडाला येईल ते बोलत होते आणि त्या एकेकाकडे बघत होत्या, जणू कोणीतरी ‘आई, तू जेवलीस का’ म्हणेल म्हणून वाट पाहत होत्या. मग बघायच्या थांबल्या. हातातला घास ताटात परत आला. ‘कट’ झालं. लाइट धरणारा पोरगा तोंड फिरवून उभा राहिला. लवू बाहेर जाऊन नारळाच्या झाडाखाली बिडी ओढत बसला.

हा एपिसोड चॅनेलवर जाण्याआधी गंधालीने पाहायचा असतो. तिने पाहिला, पण ती दुसऱ्या मालिकेच्या मीटिंगमध्ये होती, म्हणून पुढे पळवत पाहिला. पळवत पाहिलं तर नुसती बसलेली बाई आणि गेलेली बाई सारखीच दिसते. तिने ‘छान’ लिहून पाठवलं.

शूटच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटकोपरला रश्मी दाराशी चपला काढत होती आणि आतून आईची किंकाळी आली.

“अगं ए! मारलंस काय तिला?”

रश्मी धावत आत गेली. पडद्यावर माणिकताई ताटासमोर निश्चल बसल्या होत्या. आईचे डोळे वाहत होते.

“कालपर्यंत धडधाकट होती गं ती! मला एका शब्दानं बोलली नाहीस? आता मी शेजारच्या माईंना काय तोंड दाखवू?”

“आई, मी... मला पण आत्ताच कळलं.”

“लिहिणाऱ्याला कळत नाही होय?” आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत परत पडद्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत तीच माणसं परत जमली. फरक इतकाच की आता कोणालाच तिथे असायचं नव्हतं.

“फाइल पाठवायचं काम कोणाचं?” नंदकिशोरांनी विचारलं.

“माझं,” रश्मी म्हणाली. “मी बरोबर पाठवली होती. तुम्ही डिलीट करायला लावलीत.”

“मी डिलीट कर म्हणालो. चुकीची शूट करा असं म्हणालो का?”

“लवूदादांना तुम्हीच सांगितलंत, प्रीतमची घ्या म्हणून.”

“हो! मग प्रीतमने ती तिथे ठेवलीच का?”

प्रीतम खुर्चीत आत सरकला. “माझं नाव आहे त्यावर, पण म्हणून ती माझीच असेल असं नाही. कोणीही माझं नाव टाकू शकतं.”

“चॅनेलला यातलं काहीच माहीत नव्हतं,” गंधाली म्हणाली. “मी पाहिला तेव्हा त्या जिवंत होत्या.”

मग एकेकाचे हुकूम सुटले. नंदकिशोर म्हणाले, त्या एपिसोडच्या आणि आजूबाजूच्या सगळ्या फायलींवरून माझं नाव काढ, चौकशी झाली तर उगाच गैरसमज नकोत. गंधाली म्हणाली, माझं आधी काढ. प्रीतम सगळे गेल्यावर रश्मीच्या टेबलाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “रश्मी, माझं पण बघ ना जरा.”

रश्मी दिवसभर नावं पुसत बसली. ‘मूळ कल्पना’ गेली, ‘भावनिक केलेला’ गेलं, ‘घट्ट केलेला’ गेलं. फोल्डरांची पोटंही तिने रिकामी केली. आपल्या सोयीसाठी तिने भागांचे आकडे परत घातले, त्याला कोणी हरकत घेतली नाही. संध्याकाळी विशालचा फोन आला.

“मॅडम, मढचा लॅपटॉप चेक केला. आता एकदम झकास, सगळ्या फायली पटापट उघडतायत. काय केलंत?”

“मी काही नाही केलं,” रश्मी म्हणाली. “सगळे पळाले.”

गुरुवारी मालिकांचे टीआरपीचे आकडे आले. ‘सासर माझं सातमजली’ पहिल्या नंबरवर. इतकी वर चढलेली ती आधी कधीच नव्हती. आईसाहेब गेल्याचा तुकडा फोनाफोनांवर फिरत होता, बायका तो बघून रडत होत्या आणि सुनांना दाखवत होत्या.

दुपारच्या आत नंदकिशोरांनी कुठेतरी सांगून टाकलं की हा निर्णय धाडसी होता, पण कलावंताला धाडस करावंच लागतं. गंधालीने लिहिलं की मरण हे पहिल्यापासून चॅनेलचं व्हिजन होतं. प्रीतम तर उघड उघड हिंडत होता, भेटेल त्याला आपण कसे महिनोन्महिने त्या ताटासमोर मनाने बसून होतो ते सांगत होता. तिघांनीही वेगवेगळं येऊन रश्मीला सांगितलं, की त्या फाइलवर आपलं नाव परत घाल.

रश्मीला हसू आलं. पण त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मालिकेवर आलेल्या बातम्या एकेक करून उघडल्या आणि शेवटपर्यंत वाचल्या. आपण त्यात काय शोधतोय हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. तिने फोन पालथा ठेवला आणि स्वतःवरच चिडून भेंडीची भाजी संपवली.

पुढच्या आठवड्यात आकडे घसरले. लोकांना आईसाहेब हव्या होत्या, त्या तर गेल्या होत्या. चॅनेलने एका दिवसात उपाय काढला, की आईसाहेबांना एक जुळी बहीण होती, ती इतकी वर्षं लंडनला होती आणि आता येतेय. प्रश्न एवढाच की माणिकताईंना हे विचारायचं कोणी? नंदकिशोरांना त्या दिवशी महत्त्वाचं काम निघालं. गंधाली म्हणाली, हे चॅनेलच्या पातळीवर बरं दिसत नाही. प्रीतमला ताप आला. म्हणून रश्मी बोरीवलीला गेली.

माणिकताईंच्या घरी चपलांचा ढीग होता. सोसायटीतल्या बायका भेटून जात होत्या. दोघी-तिघी मराठी आणि समोरच्या दोन गुजराती बेन. एकीने डबाभर ढोकळा आणला होता आणि ती खरोखर सांत्वनाच्या सुरात बोलत होती. माणिकताई पाय सोफ्यावर घेऊन ढोकळा खात होत्या. बायका गेल्यावर त्या म्हणाल्या, “बस गं. मला आता एकच सांग. मला मारायचं कोणी ठरवलं? खरं सांग, मी कोणाकडे बोलणार नाही.”

“ताई, कोणीच नाही ठरवलं.” रश्मीने मान खाली घातली. “आजचा एपिसोड म्हणून जी फाइल होती तिचं नाव फार मोठं झालं होतं. ती उघडली नाही. दुसरी उघडली.”

“नाव मोठं? कोणाचं?”

रश्मीने सांगितलं. लाटण्यापासून लंडनच्या जुळ्या बहिणीपर्यंत, प्रीतमच्या तापासकट सगळं सांगितलं. माणिकताई ऐकताना एकदाही हसल्या नाहीत.

“म्हणजे मी दहा-पंधरा रात्री जागून काढल्या,” त्या म्हणाल्या, “माझं काय चुकलं, कोणाला काय बोलले, वयामुळे असेल, पाठांतर चुकलं असेल. आणि इकडे कोणाच्या मनातसुद्धा नव्हतं.”

“सॉरी, ताई.”

“तू कशाला म्हणतेस? ज्यांनी म्हणायला हवं त्यांना ताप आलाय ना?” माणिकताईंनी ढोकळ्याची ताटली तिच्यापुढे सरकवली. “खा. आणि पाटकरला सांग, मी येते. जुळी तर जुळी. पण अट आहे. रोज सकाळी मी मेकअपला बसायच्या आधी त्यानं स्वतः मढला येऊन मला त्या दिवसाचा सीन वाचून दाखवायचा. सगळाच्या सगळा, मोठ्यानं. तो नाही आला तर मी गाडीतून उतरणार नाही.”

“ते नाही यायचे, ताई. ते अकराच्या आत उठत नाहीत.”

“मग लंडनची फ्लाइट रद्द झाली म्हणून दाखवा.”

नंदकिशोरांनी आधी साफ नाही म्हटलं. मग चॅनेलने त्यांना आणखी एका आठवड्याचे आकडे दाखवले आणि ते हो म्हणाले.

ते राहायला अंधेरीत, सात बंगल्याला. मढ खाडीपलीकडे समोर दिसायचं, पण रस्त्याने जायचं तर मालाडवरून मोठा वळसा आणि सकाळची गर्दी. शेवटी ते वर्सोव्याच्या धक्क्यावरून बोटीने जायला लागले. पहिल्या दिवशी पांढऱ्या कुर्त्यातच गेले. कोळणी टोपल्या घेऊन चढल्या, एकीने ‘सरक रं दादा’ म्हणून टोपली त्यांच्या गुडघ्यांना टेकवली. त्यानंतर ते करड्या टीशर्टमध्ये दिसू लागले.

इकडे गोरेगावच्या ऑफिसात सकाळी आता कोणी उभं राहून काही सांगत नव्हतं. रश्मी शांतपणे काम उरकायची, आणि ती फायलींना काय नाव देते हे पुन्हा कोणी पाहिलं नाही.

लवू मात्र तिला रोज फोन करून बातमी द्यायचा. एकदा त्याने न बोलता फोन मेकअपच्या खोलीच्या दाराशी धरला. आत नंदकिशोर पाटकर समुद्राच्या वाऱ्याने बसलेल्या आवाजात वाचत होते, “...आणि ती लंडनहून आलेली बॅग खाली ठेवते आणि म्हणते, मी आलेय.”

“हं,” माणिकताईंचा आवाज आला. “नीट कळलं नाही. पहिल्यापासून वाचा.”

आणि पानं उलटल्याचा आवाज झाला.